चाळीसच्या पुढं न जाणारा

भरल्या सभेत, सगळ्या ट्रकवाल्यांच्या देखत ज्यानं माझी अब्रू घेतली, त्या माणसाबद्दल मी आज लिहायला बसलो आहे. त्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. वय झालं तरी तो दिवस आठवला की कानशिलं तापतात. पण त्याच्याच पाठोपाठ दुसरा एक दिवस आठवतो आणि मग छाती अशी काही मोकळी होते की रागावायचं राहूनच जातं. हे दोन्ही एकाच माणसामुळं होतं, ही माझी अडचण आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लोणंदच्या बाजारात मी पोती उचलली, मग दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःचा एक ट्रक केला. लोणंदचा कांदा सांगलीला न्यायचा आणि सांगलीहून हळद, गूळ घेऊन यायचं, असा धंदा. यात कुणाचा हात नव्हता. जे मिळालं ते घासाघीस करून मिळवलं. टायरपासून चहापर्यंत, समोरच्यानं सांगितलेली किंमत मी जन्मात कधी दिली नाही. भाव तुटेपर्यंत बोलायचं आणि तुटला नाही तर आवाज चढवायचा, ही माझी रीत.

या रीतीला एकच माणूस पुरून उरला. तो माझाच ड्रायव्हर.

शिराळ्याकडचा, फौजेतून परत आलेला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. सडसडीत, मिशा कातरलेल्या. मनगटावरचं घड्याळ तळहाताच्या बाजूला बांधायचा. मी त्याला आण्णा म्हणायचो. रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर त्याला चाळीसआण्णा म्हणायचे, कारण सरळ रस्त्यावर चाळीस आणि घाटात तीस, याच्या पुढं त्यानं काटा कधी नेला नाही. त्या वेळी आमच्या रस्त्यावर जड गाड्यांसाठी चाळीसची पाटी होती. ती पाटी वाचणारा सातारा ते सांगली हा एकच इसम असावा.

कामावर ठेवतानाच मी विषय काढला होता.

"आण्णा, सांगलीत सौदे सकाळी लवकर निघतात. पन्नासनं चालवावी लागंल."

"चाळीस."

"बरं, पंचेचाळीस. मोकळ्या रस्त्याला."

"मालक, मी कांदं इकतोय का? चाळीस म्हंजे चाळीस."

पगारावर तो एक शब्द बोलला नाही. मी म्हणालो तो घेतला. घासाघीस करायची तिथं केली नाही आणि जिथं मला हवी होती तिथं करू दिली नाही. तेव्हाच मला तो खटकला होता.

त्याच्या गाडीला सगळे ओलांडून जायचे. कुणी हॉर्न वाजवत घासून गेला, तर हा हात बाहेर काढून वाट द्यायचा आणि वर म्हणायचा, "जावा, जावा. हळद लागली असंल तुमाला." मग कराडच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवर तोच ड्रायव्हर बसलेला दिसला की हा मुद्दाम त्याच्या बाकावर जाऊन बसायचा.

"कवा आलासा?"

"झाली की धा मिंटं."

"मग धा मिंटांत काय केलं?"

"चा पिलो."

"ग्वाड हुता का?"

"व्हय, का?"

"न्हाई, त्या चापायी मघाशी त्या सायकलवाल्याला वढ्यात घातला हुतासा, म्हनून इचारलं."

टपरीवर हशा पिकायचा आणि तो ड्रायव्हर शिव्या देत उठायचा. एकदा एकानं कॉलर धरली होती. आण्णा म्हणाला, "धर. पर चा गार हुईल तुजा."

दुसरी खोड उसाच्या हंगामात. सांगलीच्या बाजूला संध्याकाळी उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. मागं दिवा नाही, काही नाही, गाडीवान उसावर आडवा झालेला आणि बैल आपले ओळखीच्या वाटेनं चाललेले. आण्णाच्या सीटखाली तेलाच्या डब्यांची घासून लख्ख केलेली पत्र्याची झाकणं, खिळे, हातोडी आणि तांबड्या रंगाची छोटी डबी असायची. हा ट्रक कडेला लावायचा, खाली उतरायचा आणि बैलगाडीच्या मागच्या फळीला झाकण ठोकून त्याला तांबडं कडं काढायचा. ट्रकचा दिवा पडला की ते झाकण चमकायचं.

"ए, काय ठोकतुयास रं माज्या गाडीला?" गाडीवान दचकून उठायचा.

"झोप, झोप. दागिना घालतुय."

एका फेरीत चार-पाच गाड्या व्हायच्या. तेवढा वेळ माझा कांदा रस्त्यावर उभा. मी ओरडलो की तो म्हणायचा, "मालक, मागनं येनारा तुमचाच ट्रक असला तर?" मी म्हणायचो, माझा ट्रक एकच आहे आणि तो इथं उभा आहे. तरी झाकण ठोकायचं थांबायचं नाही.

तिसरी सवय फौजेतली. गाडी दुसऱ्याच्या हवाली करताना, अगदी गॅरेजवाल्याच्या सुद्धा, तो आधी ती आतून पुसून द्यायचा. स्टेअरिंग, मीटरची काच, पायाखालचा पत्रा, सगळं. "घेनाऱ्याला नीट दिसाय पायजे," म्हणायचा. या पुसण्याचा मला फार वैताग होता. पुढं काय होणार होतं ते मला कुठं माहीत होतं!

दोन वेळा सौद्याला उशीर झाला आणि माझं डोकं फिरलं. बोलून उपयोग नव्हता. मग मी एक युक्ती केली. आण्णा नागपंचमीला शिराळ्याला गेला होता. वर्षातली त्याची तेवढीच सुट्टी. मी ट्रक सांगलीत एका मीटर दुरुस्त करणाऱ्याकडं नेला आणि काटा काढून दहा घरं मागं बसवून घेतला. म्हणजे गाडी खरी पन्नासनं पळत असली की काटा चाळीस दाखवणार. आण्णा काट्यापुढं जात नव्हता ना? मग काटाच माझ्या बाजूनं केला. त्या मीटरवाल्याशी सुद्धा मी भाव केला, आणि घरी येताना मला माझ्या डोक्याचं फार कौतुक वाटलं.

सुट्टीवरून आल्यावरच्या पहिल्या फेरीला मी आदल्या एसटीनं कराडला जाऊन टपरीवर बसलो. लवकर येणाऱ्या ट्रकची वाट बघत तीन चहा झाले. ट्रक आला तो रोजच्या वेळेला, मिनिटाचा फरक नाही. आण्णा उतरला, मला बघून म्हणाला, "मालक, तुमी हितं?" आणि चहा पीत बसला. चेहऱ्यावर काही नाही. मी सांगलीला जाऊन त्या मीटरवाल्याला वाट्टेल ते बोललो. तो देवाची शपथ घेऊन सांगत होता की काटा बरोबर दहानं मागं आहे. मला वाटलं, यानं मला फसवलं.

तशात दिवाळीनंतर साताऱ्याला ती सभा झाली. डिझेल महागलं होतं, अपघात वाढले होते, आणि वाहतूक खात्याच्या एका साहेबांनी ट्रकमालक आणि ड्रायव्हर यांना एका शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. वेगाची मर्यादा वाढवावी का कमी करावी, आणि रस्त्यावरची वागणूक सुधारायला काय करावं, यावर तुमचं मत सांगा, असं. मालकांनी एकी केली होती, मर्यादा वाढवून मागायची. बोलायचं मी. ड्रायव्हरांना आदल्या दिवशी भजी घालून पढवून ठेवलं होतं. आण्णाला तेवढं सांगितलं होतं की तू बोलू नकोस, नुसता बस.

मी झकास बोललो. पन्नास मागायचे तर सुरुवात साठपासून करायची, हे मला कुणी शिकवायला नको. साहेब लिहून घेत होते. मग ड्रायव्हर उठले. एक म्हणाला, "पाटी कशाला? रस्ता बघून आमाला कळतंय की." दुसरा म्हणाला, "आमाला शिकवायच्या आदी त्या सायकलवाल्यास्नी शिकवा, मदनंच जात्यात." आटपाडीकडचा एक जण म्हणाला, "साहेब, मर्यादा कितीबी करा, पर मेंढरं आडवी आली की शून्यच हाय." हॉल हसला. तेवढ्यात मागनं आण्णा उठला. सवयीनं ताठ उभा राहिला, हात मांडीला.

"साहेब, पाटीवर किती ल्हायचं ते तुमी ठरवा. चाळीस ल्हा, साठ ल्हा. पर मीटरवर किती दिसायचं, ते आमचं मालक ठरिवत्यात."

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"ते मालकास्नीच इचारा. आता झकास बोललं की."

आणि बसला. आधी हॉलमध्ये कुणाला कळलं नाही. मग साहेबांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलं, आणि मी असा लाल झालो की न कळलेल्यांनाही काहीतरी आहे हे कळलं. कुणीतरी मागनं विचारलं, "काय शेट, मीटरचा बी भाव केला व्हय?" मग जो हशा उठला, तो माझ्या कानात अजून आहे. उपाशी दिवसांत सुद्धा मला कुणी असं हसलं नव्हतं. मी सभा सोडून बाहेर आलो.

ट्रक शाळेबाहेर उभा होता. आण्णा मागनं आला.

"किल्ली दे," मी म्हणालो.

"पंदरा मिंटं द्या. पुसून देतो."

"पुसायचं काही काम नाही. दे किल्ली."

"मालक, फौजेत असताना बिनपुसलेली गाडी कदी दिली न्हाई. तुमी चा पिऊन या."

मी समोरच्या टपरीवर गेलो आणि चहावाल्याशीच भांडलो. परत आलो तेव्हा तो केबिनमधून उतरत होता, हातात फडकं. किल्ली माझ्या हातावर ठेवली, त्याची ती खिळ्यांची पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. मागं वळून बघितलंही नाही. हिशेब मी मागनं मनिऑर्डरनं पाठवला.

आता काटा खरोखरच मागं आहे हे मला कळलं होतं. आण्णानं तो ओळखला होता आणि तरी आपल्याच चालीनं गाडी चालवली होती. कशी, ते मला कळत नव्हतं. काटा परत जागेवर आणायला पाहिजे होता. आणला नाही. कारण पुढचा ड्रायव्हर मी पलूसचा एक तरणा पोरगा ठेवला होता. तो सभेला नव्हता, त्याला काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, आता फायदाच आहे.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. वडील गेल्यावर हिला मी वाढवलेली. लग्न लोणंदला, नवऱ्याच्या दारात. मी तयारीसाठी आदल्या दिवशी रेल्वेनं पुढं गेलो आणि वऱ्हाड साताऱ्याच्या आमच्या घरून माझ्याच ट्रकमधून सकाळी निघणार होतं. मागं ताडपत्रीखाली बायका, पोरं, म्हातारी माणसं मिळून चाळीस-पंचेचाळीस जण. केबिनमध्ये आई आणि नवरी. वाटेत साल्पेचा घाट, आणि लोणंदकडं जाताना तो सगळा उतार. जाण्याआधी मी पलूसच्या पोराला दम भरला होता.

"घाटात काटा तीसच्या पुढं गेला तर तंगडी मोडीन."

"न्हाई जायाचा, मालक. आईची आण."

सकाळी नवाला वऱ्हाड यायला हवं होतं. साडेनऊ झाले. मांडवात नवऱ्याचा मामा फेऱ्या मारत होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पावनं, गाडी कुटं हाय? ड्रायव्हर बरा हाय न्हवं?"

"बरा आहे. बजावलंय त्याला. घाटात काट्यावर तीस..."

आणि मी तिथंच थांबलो. माझंच वाक्य मला ऐकू आलं. काट्यावर तीस म्हणजे खरे चाळीस. साल्पेच्या उतारावर, वळणावर, माणसांनी भरलेला ट्रक चाळीसनं. आणि तो पोरगा प्रामाणिकपणे काट्याकडं बघून चालवणार, माझाच शब्द पाळून.

मामा काहीतरी विचारत होता. मी मांडवाबाहेर पळालो. तिथं एकाची सायकल होती, ती न विचारता घेतली आणि घाटाच्या रस्त्याला लागलो. अंगावर नवं धोतर, डोक्याला फेटा. फेटा कुठं पडला आठवत नाही. वाटेत समोरनं एक कांद्याचा ट्रक आला. मी हात करून ओरडलो, "घाटात काही झालंय का? काही दिसलं का?" तो न थांबता गेला. मी जन्मभर देवाशी सुद्धा घासाघीस केलेली आहे, हे दिलंस तर ते करीन असली. त्या रस्त्यावर मात्र देऊ करायला काहीच सुचेना. नुसतं, नको, नको, एवढंच म्हणत पायडल मारत होतो.

आणि वळणावरून गाणं ऐकू आलं. बायकांचं. पाठोपाठ समोरनं माझा ट्रक आला, इतक्या सावकाश की एक म्हैस त्याच्या बरोबरीनं चालली होती. मी सायकल टाकून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

ट्रक थांबला. आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कसला रं ह्यो ड्रायव्हर ठेवलाईस? चालत आलो असतो तर कवाच पोचलो असतो. मुहूर्त जातोय का काय!" तिच्या पलीकडं बहीण मुंडावळ्या सांभाळत मला बघून हसायला लागली. "दादा, फेटा कुटं टाकलास?"

पलूसचा पोरगा भीतीनं पांढरा पडला होता. त्याला वाटलं, उशिराबद्दल आता मार बसणार.

"मालक, तुमीच बजावलं हुतं. लाइनीच्या फुडं काटा नेला न्हाई मी."

"कसली लाइन?"

"ही की." त्यानं मीटरवर बोट ठेवलं. "म्या तवाच बघितली. म्हटलं, तुमीच मारली असंल."

मी पायरीवर चढून आत डोकावलो. मीटरच्या काचेवर, वीसच्या आकड्यावर, एक बारीक तांबडी रेघ होती. त्या झाकणांच्या कड्यांचा तोच रंग. आणि खाली, देवांच्या तसबिरीशेजारी, पत्र्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं: "घाटात रेगेच्या फुडं न्हाई. काटा धा कमी दावतो." पुसायला घेतलेली ती पंधरा मिनिटं! त्या दिवशी रागाच्या भरात गाडी घरी आणताना मी मीटरकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

मी पायरीवरच बसलो. बायकांना वाटलं मला चक्कर आली, कुणीतरी पाणी दिलं. मला चक्कर नव्हती आली. मला तिथंच, माझ्या ट्रकच्या पायरीवर, थोडं बसायचं होतं. मुहूर्त गाठला. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी सगळ्यांची डोकी मोजत होतो, आणि मोजून झाली की परत पहिल्यापासून मोजत होतो. सगळी होती.

लग्नानंतर मी पहिलं काम केलं ते सांगलीला जाऊन काटा जागेवर बसवून घेतला. मीटरवाल्यानं सांगितलेली मजुरी काही न बोलता दिली, तर तो घाबरला. तिथून ट्रक घेऊन तसाच शिराळ्याकडं आण्णाच्या गावी गेलो.

तो बैलगाडी हाकत समोरनंच आला. मागच्या फळीला झाकण ठोकलेलं होतं.

"मालक, राम राम. लगीन झालं?"

"झालं. आण्णा, काटा मागं आहे हे तुला कधी कळलं?"

"पैल्या दिशीच. सुट्टीवनं आल्याव." त्यानं मनगट उलटं करून घड्याळ दाखवलं. "ह्या दगडापासनं त्या दगडापातूर एक किलोमीटर. चाळीसला नव्वद सेकंद लागत्यात. मी रोज मोजतुया. त्या दिशी भात्तर सेकंदालाच दगड आला. म्हटलं, एक तर सरकारनं दगड सरकावलं, न्हाई तर मालकानं काटा."

"मग मला एकट्याला का नाही सांगितलंस? भर सभेत कशाला?"

त्यानं बैलांच्या पाठीवरनं हात फिरवला.

"आवं, एकट्याला सांगितलं असतं तर तुमी भाव केला असता. म्हनला असता, धा नगं, पाचनं मागं ठिवू."

अगदी तेवढंच म्हणालो असतो मी.

मी त्याला परत ये म्हणालो. तो नको म्हणाला. पगार वाढवतो म्हणालो, तरी नको. "आता ह्यो बैल बरा," म्हणाला, "ह्येला मीटर न्हाई." पण ट्रककडं बघत होता. शेवटी, काटा तेवढा बघून देतो म्हणाला, बैलगाडी झाडाखाली सोडली, घरातून पिशवी आणली आणि स्टेअरिंगवर बसला. मी शेजारी. हमरस्त्याला लागल्यावर त्यानं काटा चाळीसवर धरला आणि दगड आला तसा मोजायला लागला, तोंडातल्या तोंडात. पुढचा दगड आला तेव्हा तो नव्वद म्हणत होता.

"बराबर हाय," म्हणाला, आणि गाडी कडेला लावली. पिशवीतून पातं काढून वीसवरची रेघ खरवडली. पत्र्यावरची ओळ पुसली. मग तांबडी डबी उघडली आणि ब्रश बुडवला.

सभेचं मी त्याला माफ केलेलं नाही, आजही नाही. तरी त्यानंतर तो होता तोवर दर नागपंचमीला मी ट्रक घेऊन त्याच्या दारात जात होतो, काटा तपासून घ्यायला आणि रेघ ताजी करून घ्यायला. त्या पहिल्या दिवशी मात्र, ब्रश काचेजवळ गेला आणि माझी जीभ सवयीनं वळवळलीच.

"आण्णा, पस्तीसवर मार की."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ब्रशवरचा थेंब पडेल म्हणून खाली बोट धरलं होतं.

"तीस," तो म्हणाला.

"बरं, तीस," मी म्हणालो.